आप्पांची उद्गारचिन्हं

आमच्या आप्पांइतका मोठ्यानं बोलणारा माणूस कोल्हापुरात दुसरा झाला नाही, आणि आवाज गेल्यावर त्यांच्याइतका मोठ्यानं गप्प बसलेला माणूसही मी दुसरा पाहिला नाही. आप्पा म्हणजे माझे सासरे. लग्नानंतरची बरीच वर्षं मी त्यांचा आवाज ऐकून दमले आणि पुढची काही वर्षं त्यांचा आवाज होऊन दमले. ह्यातलं दुसरं दमणं जास्त होतं. आता त्यालाही बराच काळ लोटला, पण दुपारी अंग टेकलं की ते दमणं अजून कुठंतरी घशाशी जाणवतं.

आमची मार्केट यार्डात गुळाची अडत पेढी. शेतकऱ्यांचा गूळ यायचा, ढेपा रांगेनं मांडल्या जायच्या आणि सौदा निघाला की आप्पा त्या रांगांच्या मधोमध उभे राहून भाव पुकारायचे. त्यांना लाउडस्पीकर कधी लागला नाही. यार्डाबाहेरच्या रस्त्यानं जाणारा रिक्षावालासुद्धा आजचा गुळाचा भाव ऐकूनच पुढं जातो असं लोक म्हणायचे, आणि ते फारसं खोटं नव्हतं. अडचण एवढीच, की यार्डातला आवाज आप्पा यार्डात ठेवून यायचे नाहीत. 'मीठ वाढ' हे वाक्य आणि 'समोरच्या घराला आग लागली' हे वाक्य ते एकाच पट्टीत म्हणायचे, त्यामुळं नवी सून म्हणून मी पहिले काही महिने मीठ घेऊनसुद्धा आग विझवायला निघाल्यासारखी धावत होते. नेसरीला त्यांची बहीण दिलेली. तिला फोन लावून ते बोलायला लागले की शेजारच्या काकू त्यांच्या खिडकीतून म्हणायच्या, "आप्पा, बिल कशाला वाढवताय? तसंच बोला की, पोचतंय नेसरीला." आप्पांना ह्यात चेष्टा आहे हे कधी कळलं नाही. ते काकूंनाही त्याच आवाजात उत्तर द्यायचे, "लाइन खराब हाय वो! तिला ऐकायला येत न्हाय!" तिकडं नेसरीत आत्याबाई फोन हातभर लांब धरून उभ्या असायच्या, हे त्यांनीच मला पुढं सांगितलं.

मला बघायला हे लोक आजऱ्याला आले तेव्हाचं तर आमच्या माहेरी अजून सांगतात. आमचं घर हळू बोलणाऱ्यांचं. आमच्या वडिलांना शिंक आली तरी ते परसात जायचे. पोह्यांच्या बशा देऊन मी आत आले, आणि बाहेर आप्पांनी सासूबाईंच्या कानाशी तोंड नेऊन आपल्या मते कुजबूज केली. "पोरगी बरी हाय. पोहं तेवढं खारट झाल्यात." ती कुजबूज मी आत ऐकली, माझ्या आईनं ऐकली, गल्लीत काजू वाळत घालणाऱ्या बायकांनी ऐकली. वडील कसनुसे होऊन म्हणाले, "माफ करा हं, आज जरा मीठ..." तर आप्पांना वाटलं, ह्यांना आपल्या मनातलं कसं कळलं! ते आणखी मोठ्यानं म्हणाले, "खारट असू द्यात वो पावणं! पोरगी पसंत हाय!" म्हणजे माझं लग्न ठरलं ते असं. घरी जाऊन विचार करून कळवतो वगैरे म्हणायची रीत असते, पण ती पाळायला आवाज आवरावा लागतो.

आणि अव्वा. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर सीमेपलीकडचं, चौथीपर्यंतची शाळा कानडीतली. मराठी बोलायच्या झकास, वाचायच्या अडखळत, आणि इंग्रजी अक्षराशी त्यांची कधी गाठ पडली नव्हती. त्यांनी आप्पांना उलट उत्तर दिल्याचं घरात कुणीच ऐकलं नव्हतं. लोक म्हणायचे, बाई गरीब आहे. मला वाटतं, मध्ये जागाच मिळायची नाही. आप्पांचं एक वाक्य संपून दुसरं सुरू होईपर्यंत जेवढा वेळ असायचा त्यात फार तर "अय्यो" म्हणता यायचं, आणि तेवढं त्या म्हणायच्या.

नवं शतक लागलं आणि थोड्याच दिवसांत आप्पांचा आवाज बसायला लागला. आम्ही सर्दी म्हणालो, मग धूळ म्हणालो. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं. तंबाखू सुटली नाही. शेवटी मिरजेला नेलं तेव्हा डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढून, शांतपणे, स्वरयंत्र काढावं लागेल म्हणून सांगितलं. जीव वाचेल, बोलता येणार नाही. आप्पांनी ऐकून घेतलं. ऑपरेशनला आत नेताना ते ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सौद्याला धाकट्याला हुबा कर. आनि त्याला म्हणावं, तोंड उघडून बोल." धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ. एवढं बोलून ते आत गेले, आणि ते त्यांचं शेवटचं बोलणं.

घरी आले ते गळ्याला भोक आणि त्यावर पांढरा रुमाल घेऊन. आम्ही पाटी आणून ठेवली होती. दोन दिवस त्यांनी पाटीवर लिहिलं, तिसऱ्या दिवशी 'मी काय पहिलीत हाय' असं लिहून पाटी पलंगाखाली सरकवली. गळ्याला लावायचं एक यंत्र मिळतं, त्यातून घुर्रघुर्र असा एकसुरी आवाज येतो. तेही आणलं. आप्पांनी ते गळ्याला लावलं, एक शब्द बोलले, दचकून आजूबाजूला पाहिलं आणि यंत्र परत खोक्यात घातलं. मग एकदा हट्टानं यार्डात गेले. तिथं सगळे हमाल, अडते, शेतकरी पाया पडायला आले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायला लागले, "आप्पाऽ, बरं हाय न्हवंऽ?" मुका म्हणजे बहिरा असा आपल्याकडं हिशेबच असतो. आप्पा अर्ध्या तासात घरी आले, टोपी खुंटीला लावली, आणि परत यार्डाचं नाव काढलं नाही. दिवसभर झोपाळ्यावर बसायचे. त्यांचं ते गप्प बसणंसुद्धा घरभर ऐकू यायचं. भिंतीपलीकडच्या काकूंना झोप लागेना झाली. शांततेची सवय नाही म्हणाल्या.

तेव्हा मोबाइल नुकते घरोघरी दिसायला लागले होते. हे कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला. त्यांनी एके दिवशी करड्या रंगाचा, दगडासारखा घट्ट फोन आणून आप्पांच्या हातात दिला, मला एक दिला, अव्वांनाही एक दिला, "हिला सगळं येतं, ही शिकवेल," असं म्हणाले आणि पाळीला निघून गेले. नवरे लोकांची ही पद्धत जुनी आहे.

मी शिकवलं. एका बटणावर तीन-तीन अक्षरं, दुसरं हवं तर दोनदा दाबायचं, तिसरं हवं तर तीनदा. आप्पांचा अंगठा गुळाच्या ढेपा तपासून तपासून एवढा रुंद झालेला, की तो एका वेळी दोन-तीन बटणं सहज दाबायचा. त्यांना ट्रकांच्या नंबरांमुळं इंग्रजी अक्षरं येत होती, पण फोनमध्ये मराठी अक्षरं नव्हती. म्हणजे इंग्रजी अक्षरांत कोल्हापुरी मराठी. कोरी जागा सोडायचं बटण त्यांना पहिले काही दिवस सापडलंच नाही, म्हणून ते प्रत्येक शब्दानंतर पूर्णविराम द्यायचे. 'चहा. आन. साखर. कमी.' सौद्याला मांडलेल्या ढेपांसारखा एकेक शब्द वेगळा बसलेला.

प्रश्नचिन्ह मात्र त्यांनी शेवटपर्यंत वापरलं नाही. मी दाखवलं होतं. त्यांनी ते निरखून बघितलं आणि मान हलवून नको म्हणाले. जन्मभर कुणाला काही विचारून केलेलं नाही, तेव्हा ह्या वयात ही सवय कुठं लावून घ्या, असं असावं. त्याचा त्रास मला झाला. एकदा दुपारी मेसेज आला, 'कढी.' जेवायची वेळ टळत आलेली. मी घाईघाईनं ताक घुसळलं, बेसन लावलं, फोडणी दिली आणि वाफाळती कढी त्यांच्यापुढं नेऊन ठेवली. त्यांनी कढीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. त्यांना म्हणायचं होतं, 'कधी?' म्हणजे ताट कधी वाढणार. इंग्रजी अक्षरांत कढी काय आणि कधी काय, सारखंच. त्या दिवशी घरात भात नव्हता, नुसती कढी होती.

पूर्णविरामांनी आप्पांचं काही दिवस भागलं, पण त्यात त्यांना समाधान नव्हतं. एकदा त्यांनी लिहिलं, 'ह्यात. वरडायचं. कसं.' मी त्यांना उद्गारचिन्ह दाखवलं. ह्याचा अर्थ मोठ्यानं, असं सांगितलं. आप्पांनी एक दाबलं. मग आणखी एक. मग बटणावर अंगठा ठेवून ते दाबतच राहिले आणि पडद्यावर काड्यांची रांगच्या रांग उभी राहिली. घरी आल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा मी मोकळा झालेला पाहिला. त्या दिवसापासून आमच्या घरात पुन्हा आरडाओरडा सुरू झाला. त्याला पायऱ्याही होत्या. एक उद्गारचिन्ह म्हणजे साधं बोलणं, दोन म्हणजे दुसऱ्या खोलीतल्या माणसाला हाक, तीन म्हणजे यार्ड, आणि त्याच्यापुढं भांडण.

इथवर ठीक होतं. पण अव्वांना इंग्रजी अक्षर कळत नव्हतं. त्यांच्या फोनवर मेसेज आला की त्या फोन तसाच हातात घेऊन माझ्याकडं यायच्या आणि म्हणायच्या, "बग गं, ह्येनी काय म्हणत्यात." आप्पा दोन हातांवर झोपाळ्यावर बसलेले. मी वाचायची. पहिल्या दिवशी मेसेज होता, 'माझा पंचा कुठं ठेवलाईस!!!' मी आपली माझ्या आवाजात वाचलं. झोपाळ्यावरून टाळी वाजली. आप्पांनी तीन बोटं वर केली. मी जरा मोठ्यानं वाचलं. आप्पांनी मान हलवली, पुन्हा तीन बोटं. शेवटी मी डोळे मिटले आणि जेवढा आवाज माझ्या घरात चार पिढ्यांत कुणी काढला नसेल तेवढा काढून ओरडले, "माझा पंचा कुठं ठेवलाईस!" आप्पांनी समाधानानं झोपाळ्याला झोका दिला. अव्वा म्हणाल्या, "अय्यो, दोरीवर हाय की."

असं दिवसभर. 'आगं ये!!', 'कान फुटलं काय तुजं!!!', 'मगापास्नं सांगतोय!!!!' हे सगळं मी, सून, सासूसमोर उभी राहून, अरे-तुरेत, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. चौथ्या-पाचव्या दिवशी शेजारच्या काकू आल्या, मला बाजूला घेतलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "बाळ, म्हाताऱ्या माणसाला असं बोलू नये गं. तुझ्या आईनं हेच शिकवलं का?" मी समजावून सांगितलं, फोन दाखवला. त्यांना इंग्रजी अक्षर कळत नव्हतं. त्या फक्त हुंदका देऊन गेल्या. आठ दिवसांत ही बातमी आजऱ्याला पोचली. आईचा फोन आला. ती नेहमीपेक्षाही हळू बोलत होती. म्हणाली, "लोक काहीबाही सांगतायत. खरं नाही ना ते?" मी खरं काय ते सांगायला लागले, तर तिकडून ती घाबरून म्हणाली, "अगं, ओरडू नकोस गं माझ्यावर."

मी फार दमले त्या काळात. सकाळी उठले की पहिल्यांदा गुळण्या करायची. स्वयंपाक, धुणं, आल्यागेल्याचं बघणं, आणि वरून दिवसभर दुसऱ्याच्या रागानं ओरडणं. दुसऱ्याचा राग आपल्या तोंडून काढायचा म्हणजे अंग मोडून येतं. स्वतःच्या रागाला काही उरायचंच नाही. हे घरी आले की मी चहाचा कप समोर ठेवायची आणि खुणेनंच साखर दाखवायची. हे म्हणायचे, "तू का बोलत नाहीस?" 

त्यातून एक गंमत झाली. अव्वा उत्तर द्यायला लागल्या. आप्पांचा आवाज आप्पांच्या तोंडून येत होता तोवर त्यांना जे जमलं नव्हतं, ते माझ्या तोंडून आल्यावर जमलं. मी 'भाकरी करपली काय!!!' असं ओरडले, की त्या मला म्हणायच्या, "सांग त्यास्नी, करपली न्हाय. दात ऱ्हायलं न्हाईत म्हणून तसं लागतंय." आप्पा तिथंच बसलेले, कान शाबूत, सगळं ऐकत. त्यांचे डोळे मोठे व्हायचे आणि अंगठा सुरू व्हायचा. उत्तर टाइप होईपर्यंत बराच वेळ लागायचा आणि तेवढ्यात अव्वांची आणखी चार वाक्यं होऊन जायची. आप्पा सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून लिहायचे. संसारात पहिल्यांदाच अव्वा पुढं आणि आप्पा मागं, अशी शर्यत चालू होती. "साकू," अव्वा शेवटी म्हणायच्या, म्हणजे पुरे, आणि आत निघून जायच्या. मेसेज यायचा तो त्या गेल्यावर. मग मला तो रिकाम्या खोलीत ओरडायला लागायचा, कारण आप्पांनी बोटं वर केलेली असायची.

मग आईचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि मी पंधरवड्यासाठी आजऱ्याला गेले. बॅग उचलताना मला खरं सांगायचं तर हलकं वाटत होतं. ते आजरा स्टँडवर उतरेपर्यंत टिकलं. उतरल्या उतरल्या मेसेज, 'तिला सांग गॅस बारीक कर!!' अव्वांना वाचता येत नाही म्हटल्यावर आप्पांनी साधा मार्ग काढला होता. ते कोल्हापुरात बसून मला आजऱ्याला मेसेज करायचे, मी आजऱ्याहून कोल्हापूरच्या घरच्या फोनवर फोन करायची, फोन अव्वा उचलायच्या, आणि मी त्यांना गॅस बारीक करायला सांगायची. दोघं एकाच घरात, हाकेच्या अंतरावर. आमच्या माहेरच्या घरात मोबाइलला रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत यायची, त्यामुळं मी दिवसभर त्या खिडकीशीच उभी. डोळ्याला पट्टी बांधलेली आई कॉटवरून म्हणायची, "जरा माझ्याजवळ बस की गं." मी म्हणायची, "आले हं," आणि फोन वाजायचा.

एके दिवशी सकाळी, जेवणाच्या आधी, मी खिडकीत भाजी निवडत होते. मेसेज आला. त्याला ना पूर्णविराम, ना उद्गारचिन्ह. अक्षरं एकमेकांत घुसलेली. 'अव्वापडलन्हनीय'. मी दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना मला ते कळलं. अव्वा पडली, न्हाणी, ये.

मी घरच्या फोनवर लावला, कुणी उचलेना. मग काकूंना लावला. मी काय बोलले मला आठवत नाही, पण काकू नंतर म्हणाल्या, त्या दिवशी तू ओरडलीस ते मला एकदम पटलं. त्या तशाच धावल्या, गल्लीतले दोघंतिघं आले, न्हाणीचं दार तोडलं. अव्वा न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. आतून कडी, कमरेचं हाड मोडलेलं, शुद्ध अर्धवट. काकूंनी मला पुढं कितीतरी दिवसांनी एक गोष्ट सांगितली. म्हणाल्या, "मी आत आले तर आप्पा न्हाणीच्या दाराशी बसलेले. हातात फोन, आणि तोंड उघडं. गळ्याच्या शिरा नुसत्या फुगलेल्या. आधी मला कळंना काय करत्यात. मग कळलं. वरडत होते गं ते. आवाज न्हवता, पण वरडत होते."

मी त्याच दिवशी एसटीनं परत आले. दवाखान्यात व्हरांड्यातल्या बाकावर आप्पा बसले होते. मला पाहून उठले आणि मी वाकायच्या आत त्यांनी माझा हात धरला. तोवर आमच्यात तशी रीत नव्हती. मीही तो सोडवून घेतला नाही.

अव्वांचं ऑपरेशन झालं, त्या घरी आल्या, आणि काही महिने अंथरुणाला खिळल्या. आप्पांनी झोपाळा सोडला आणि त्यांच्या कॉटशेजारी खुर्ची टाकली. पण मेसेज बंद. फोन उशाला ठेवलेला, चार्ज केलेला, पण अंगठा हलायचा नाही. मी जे ताटात वाढेन ते खायचे. भाकरी करपली तरी खायचे. माझा घसा बरा झाला. घरात मी चालले की माझ्याच बांगड्यांचा आवाज मला यायचा. मी इतके दिवस ज्या शांततेसाठी आसुसले होते ती ही नव्हे, असं वाटायचं, पण ते कुणाला सांगणार?

एके दिवशी मी अव्वांना पाणी पाजत होते. आप्पा औषधं आणायला गेले होते. अव्वा म्हणाल्या, "ह्येनी बोलंनात झाल्यात." मी म्हटलं, "हो." त्यांनी भांडं बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "मला शिकीव ती अक्षरं. पडून ऱ्हाऊन दुसरं काय करू?"

मी रद्दीतल्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला अक्षरं लिहून भिंतीला लावली. अव्वा उताण्या पडून ती बघायच्या. ओ पाहून म्हणाल्या, "ही तर आमची कानडीतली सोन्ने," म्हणजे शून्य. एला त्या शिडी म्हणायच्या, टीला खुंटी. एस त्यांना कधी सुलटा आला नाही. आप्पा खुर्चीत बसून हे सगळं ऐकायचे आणि खिडकीबाहेर बघायचे, जणू आपला ह्याच्याशी काही संबंध नाही. अव्वांची चूक झाली की त्यांची बोटं मात्र मांडीवर चुळबुळायची.

आणि एके दुपारी अव्वांच्या उशाशी फोन वाजला. मी दारात होते, सवयीनं पुढं झाले. अव्वांनी हातानंच मला थांबवलं. फोन डोळ्यांपाशी नेला आणि एकेक अक्षर लावत वाचायला लागल्या. "गो... ळी... घे." वाचून झालं. मग मला म्हणाल्या, "आनि ह्या म्होरं काड्या कसल्या गं?"

मी म्हटलं, "ते मोठ्यानं म्हणायचं असतं, अव्वा."

त्यांनी आप्पांकडं मान वळवली. "अवो," त्या म्हणाल्या, "काड्या कशाला एवढ्या? हितंच हाय की मी."

आप्पांनी फोन बाजूला ठेवला. मग त्यांनी गोळी काढून दिली, पाण्याचं भांडं पुढं केलं. मला जरा चुकचुकल्यासारखं झालं आणि मी स्वयंपाकघरात गेले. त्यानंतर मला कुणी वाचायला बोलावलं नाही. आतल्या खोलीत एक फोन वाजायचा, बऱ्याच वेळानं दुसरा वाजायचा. अव्वांना तोंड होतं, तरी त्याही लिहूनच उत्तर द्यायच्या. कधी त्यांचं हसणं ऐकू यायचं. काय चाललंय ते मला कळायचं नाही, आणि विचारायचं तरी कसं? एकदा फक्त, मी कणीक मळत असताना, माझ्या फोनवर एक मेसेज चुकून आला. 'ऊन आलंय डोळ्यावर खिडकी लावू का'. चिन्ह एकही नाही. मी तो वाचतेय तोवर आप्पा दारात येऊन उभे राहिले, कानापर्यंत लाल झालेले. एका हाताच्या पंजानं हवेत पुसल्यासारखं केलं. मी त्यांच्या देखत तो मेसेज पुसला. ते मान हलवून परत गेले, आणि आत खिडकी लावल्याचा आवाज झाला.

अव्वा काठी धरून चालायला लागल्या. आप्पा त्यानंतर दोन उन्हाळे राहिले आणि मग गेले. फार हाल झाले नाहीत. नेसरीच्या आत्याबाई आल्या, यार्डातली माणसं आली. ह्यांनी आप्पांचा फोन बंद करून कपाटात ठेवला.

अव्वांचा फोन चालू आहे. त्या रोज तो चार्जिंगला लावतात. दुपारी जेवणं झाली की चष्मा लावून कॉटवर बसतात आणि मेसेज वाचतात. आता त्यांना मेसेज येतात ते कंपनीचे. गाण्यांचे, स्कीमचे, रिचार्जचे. सगळे इंग्रजीत. अव्वांना अक्षरं येतात, इंग्रजी येत नाही. त्या एकेक अक्षर लावून "डे... अर... कुस... टो... मर" असं वाचत जातात, पार शेवटपर्यंत. एकदा मी म्हटलं, "अव्वा, ते कंपनीवाले सगळ्यांनाच पाठवतात. त्यात काही नसतं. पुसून टाकू का?"

"ऱ्हाऊ दे की," त्या फोन छातीशी घेऊन म्हणाल्या. "कुनी का आसंना, मला लिव्हलंय न्हवं?"

आता मी मंडईत गेले की तिथून त्यांना मेसेज करते. 'अव्वा कुठली भाजी आणू'. काय आणायचं ते घरातून निघतानाच ठरलेलं असतं. त्यांना अक्षरं शोधायला वेळ लागतो, एस तर अजून सापडत नाही. तोवर मी भाजीवालीच्या बाजूला, येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के खात, पिशवी ह्या हातातून त्या हातात घेत उभी राहते. पाय दुखतात. भाजीवाली म्हणते, "वहिनी, घ्यायचं असंल तर घ्या, नायतर म्होरं व्हा की." मी म्हणते, "थांब जरा. घरनं उत्तर यायचंय."